ऑफ-रोड गाडीच्या इंजिनाचे पार्ट आणि अपग्रेड: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की नाशिकमधल्या जुन्या जीपा, जिप्स्या, थार, गुरखा सगळ्या गॅरेजच्या दारात उभ्या राहतात, कारण एकदा का पाऊस लागला की इगतपुरी, भावली, त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा हे सगळं बोलवायला लागतं. आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात, पिस्टन कुठून घेऊ, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसेल का, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करू का, नाशिकच्या द्वारका चौकात मिळेल का मुंबईला जावं लागेल. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: चिखलात आणि चढाला इंजिनाचे घोडे वाढवून फार काही हाती लागत नाही, इंजिन गार राहिलं, स्वच्छ हवा खाल्ली आणि खालच्या आरपीएमला ओढत राहिलं की गाडी घरी येते. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

गाडी चढाला दम टाकते, पिकअप नाही. आधी कुठला पार्ट बदलू?

कुठलाच नाही. आधी मोजा. डिझेल असो की पेट्रोल, चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, इंजिन गरम असताना, बॅटरी फुल चार्ज असताना, पेट्रोलला थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरमध्ये फरक किती हे बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथे काहीतरी आहे. पेट्रोल इंजिन असेल तर मग त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून परत टेस्ट करायची, आकडा वर आला तर रिंग किंवा बोअर, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट). एवढ्या एका टेस्टने हजारो रुपयांचे नको ते पार्ट वाचतात, तरी लोक हीच टाळतात.

धूर पण बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा सकाळी थोडा वेळ असेल तर ठीक पण गरम झाल्यावरही राहत असेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंगचा संशय घ्या.

आणि एक गोष्ट जी कोणी मोजतच नाही ती म्हणजे टायर. जुन्या थार सीआरडीईला (कॉमन रेल डिझेल इंजिनवाल्या थारला) कंपनीचा टायर २३५/७० आर१६, त्याचा व्यास साधारण ७३५ मिमी. तुम्ही ३१ इंची टायर टाकला की व्यास ७८७ मिमी झाला, म्हणजे सगळे गिअर सरळ सात टक्के उंच झाले, शिवाय टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. मग गाडी सेकंडला चढत होती ती फर्स्ट मागते आणि लोक म्हणतात इंजिन बसलं. इंजिन काही बसलेलं नसतं. ब्रेक चिकटतोय का, क्लच स्लिप होतोय का, एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला, डिझेल फिल्टरमध्ये पाणी आहे का, हे बघून झाल्याशिवाय पार्टच्या दुकानात जाऊ नका.

पार्ट नंबर कसा काढायचा? दुकानदार विचारतो "कुठलं मॉडेल" आणि मी अडकतो.

नुसतं "थारचा पिस्टन द्या" म्हणालात तर चुकीचा पार्ट मिळायची पूर्ण शक्यता आहे. २०१० ला आलेल्या थारमध्येच दोन वेगळी इंजिनं होती, डीआयमध्ये २५२३ सीसीचं एमडीआय आणि सीआरडीईमध्ये २४९८ सीसीचं कॉमन रेल, आणि २०२० च्या नव्या थारमध्ये २१८४ सीसीचं एमहॉक डिझेल नाहीतर २ लिटरचं एमस्टॅलियन पेट्रोल. एकाचं दुसऱ्याला काही लागत नाही. महिंद्राची जुनी जीप एमएम५४० घेतली तर तिच्यात प्युजोचं एक्सडीपी २११२ सीसी, पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या किती ५४० मध्ये मूळ इंजिन आहे देव जाणे, कोणी एमडीआय टाकलंय, कोणी अजून काही.

म्हणून तीन गोष्टी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा: आरसी, चासी नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर. आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर जुळतोय का हेही तेव्हाच कळेल. कंपनीच्या डीलरच्या पार्ट काउंटरला चासी नंबर दिला की तो कॅटलॉगमधून नेमका पार्ट नंबर काढून देतो, तो लिहून घ्या, मग पार्ट तिथे घ्यायचा की बाहेर हे नंतर ठरवा. बूडमोसारख्या साइटवर तोच नंबर टाकला की त्याला चालणारे बाकी कंपन्यांचे पार्टही दिसतात. जुना पार्ट मात्र नवीन बसेपर्यंत फेकू नका, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघायला तोच लागतो.

नाशिकमध्ये पार्ट कुठे मिळतात?

रोजचा माल, म्हणजे फिल्टर, बेल्ट, होज, पॅकिंग सेट, क्लच प्लेट, वॉटर पंप, हे सारडा सर्कल, द्वारका, वडाळा नाका या पट्ट्यात फिरलात तर मिळून जातं. महिंद्राच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, सातपूरला महिंद्राचा प्लँट, इगतपुरीला त्यांचा इंजिनाचा कारखाना, त्यामुळे बोलेरो-स्कॉर्पिओची इंजिनं कोळून प्यायलेले मिस्त्री या शहरात जागोजागी आहेत, आणि एमडीआयचा माल तर सिन्नर, निफाड, चांदवडच्या छोट्या दुकानातही पडलेला असतो कारण तेच इंजिन गावोगावच्या बोलेरो आणि कमांडरमध्ये आहे.

डिझेल पंप आणि नोझलचं पण तसंच. बॉशचा सातपूरचा प्लँट म्हणजे जुनी मायको, २००८ ला कंपनीचं नाव बदललं तरी चौक अजून मायको सर्कलच आहे आणि जुने मिस्त्री अजून मायकोचा पंप असंच म्हणतात. नोझल आणि इंजेक्टर हाच त्या प्लँटचा धंदा. त्यामुळे टेस्ट बेंचवर बसवून पंप आणि नोझल तपासून देणारे जाणकार लोक आपल्याकडे सापडतात, त्याचा फायदा घ्या.

मशिनिंगचं काम, म्हणजे बोअर (सिलिंडर कापून मोठा करणं), होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने घासणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, त्यासाठी सातपूर आणि अंबड एमआयडीसीकडे विचारा. एखादा ब्रॅकेट, अडॅप्टर प्लेट, स्पेसर बनवून हवा असेल तर तिथल्या जॉबवर्कवाल्यांसारखं काम मोठ्या मोठ्या शहरात मिळत नाही हे मी अभिमानाने सांगतो. फक्त ड्रॉइंग नीट न्या, मापं मिलिमीटरमध्ये आणि टॉलरन्ससकट (किती फरक चालेल ते), "थोडं ढिलं ठेवा" असं सांगू नका.

जुन्या मालासाठी पूर्वी सगळे अंबड लिंक रोडचा भंगार बाजार गाठायचे, तिथे महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी कारवाया झाल्या आणि माल इकडे तिकडे पांगला. आता ओळखीच्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवणं हाच खरा मार्ग.

मुंबई, पुणे, दिल्लीहून मागवणं परवडतं का?

जिप्सीचा किंवा जुन्या प्युजोचा अवघड पार्ट असेल तर हो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत नवीन मालाला ऑपेरा हाउसची बाजू आणि जुन्याला कुर्ला, दिल्लीत नवीन मालाला काश्मिरी गेट आणि जुन्याला मायापुरी. मुंबईला स्वतः जाऊन सकाळी निघून रात्री परत येता येतं, तिथे पार्ट हातात घेऊन मोजता येतो. दिल्लीचा माल फोटोवर घ्यावा लागतो आणि तिथे गडबड होते, म्हणून पैसे पाठवायच्या आधी व्हर्नियर (माप घ्यायचा कॅलिपर) लावलेला फोटो मागा, पार्ट नंबरचा क्लोजअप मागा आणि परतीचं काय ते मेसेजवर लेखी घ्या. जड माल, म्हणजे ब्लॉक, हेड, ट्रान्सपोर्टने येताना हेडचा फेस उघडा नको, लाकडी पेटीत पॅक करायला सांगाच.

ओरिजिनल, ओईएम (गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्याचा), लोकल. सगळं ओरिजिनलच घ्यायला पाहिजे का?

नाही, आणि सगळं लोकल घेऊनही चालत नाही.

गाडीची कंपनी स्वतः पिस्टन, रिंगा, बेअरिंग फारसं बनवत नाही, ते दुसऱ्या कंपन्यांकडून घेते आणि आपल्या डब्यात घालून विकते. माहले, गोएट्झे, श्रीराम पिस्टनचे उषा, गॅस्केटमध्ये टॅलब्रोस, क्लचमध्ये व्हॅलिओ, लूक, ही सगळी नावाजलेली नावं आहेत आणि यांचा माल त्यांच्या स्वतःच्या डब्यात घेतला तर स्वस्त पडतो आणि दर्जाला काही कमी नसतो. तिथे बिनधास्त घ्या.

पण टायमिंग बेल्ट किंवा चेन आणि त्याचे टेन्शनर, हेड बोल्ट, सेन्सर, इंजेक्टर आणि क्रँकचे ऑइल सील, इथे मी कंपनीचाच घेतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. सील दिसायला छोटा, पण तो गळायला लागला की गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे पार्टपेक्षा मजुरी कितीतरी पट. कुठला पार्ट ओरिजिनल घ्यायचा याची माझी कसोटी हीच आहे: तो बिघडला तर परत पोचायला किती खोलावं लागेल, आणि तो जंगलात बिघडला तर गाडी घरी येईल का.

माउंटिंग रबर, क्लॅम्प, ब्रॅकेट, एअर क्लीनरचा डबा, असलं चांगल्या लोकल कंपनीचं चालतं.

बिल नेहमी जीएसटीचं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, त्यामुळे जुनी एमआरपी छापलेला डबा समोर आला तर भाव विचारून घ्या.

डुप्लिकेट कसा ओळखू? डबा तर सेम दिसतो.

डब्यावर जाऊ नका. होलोग्राम असेल, क्यूआर असेल तर स्कॅन कराच, पण खरी ओळख आत आहे. ऑइल फिल्टरचं उदाहरण घ्या, तो उलटा करून आत बघा. मधल्या भोकाच्या भोवती जी लहान लहान भोकं असतात त्यांच्या आत रबराचा पडदा दिसला पाहिजे, तो इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ देत नाही. काडीने हलकेच दाबून बघा, मऊ असून परत जागेवर आला पाहिजे. डुप्लिकेटमध्ये तो कडक असतो किंवा नसतोच, आणि मग सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल लाइट जायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडी फिरतात. दोन फिल्टर हातात घेऊन वजन करा, कागद कमी भरलेला असेल तर हलका लागतो. वायसरचा रबर बघा, जोड दिसतोय का.

पिस्टनला मागे कास्टिंगचं आणि कंपनीचं मार्क स्पष्ट असतं, डोक्यावर साइज आणि पुढची दिशा दाखवणारा बाण असतो, चार पिस्टन वजनकाट्यावर ठेवले तर ग्रॅमा-दोन ग्रॅममध्ये सारखे यायला पाहिजेत. सोनाराचा काटा कोणाकडे असेल तर उत्तम. बेअरिंगच्या पाठीवर साइज ठोकलेली असते, पुसट शाईने छापलेली असेल तर ठेवून द्या.

आणि भाव. बाजारात सगळीकडे एक भाव आणि एकाच ठिकाणी निम्मा, तर तो तुमच्यावर मेहरबान झालेला नाही.

भंगारातून किंवा जुन्या गाडीतून काय घ्यावं?

घ्यावं: ब्लॉक (मोजून), क्रँक (मोजून), मॅनिफोल्ड, टायमिंग कव्हर, ऑइल पॅन, इंजिन माउंटचे ब्रॅकेट, बेल हाउसिंग, अल्टरनेटर-स्टार्टरची बॉडी. जुनं कास्टिंग हजारो किलोमीटर गरम-थंड झालेलं असतं, चिरलेलं नसेल तर ते उत्तम असतं.

हेड घ्यायचं तर प्रेशर टेस्ट करून दाखवला तरच. टर्बो घ्यायचा तर शाफ्ट बोटाने हलवून बघा, आतबाहेर जाणवण्याइतका खेळ असेल किंवा पंखा हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील तर सोडून द्या. इंजेक्टर, होज, सेन्सर, बेल्ट, हेड बोल्ट जुने कधीच घेऊ नका.

पूर्ण इंजिन घेत असाल तर विकणाऱ्याचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं हवीतच. नंबर खरवडलेला ब्लॉक फुकट दिला तरी नको, उद्या तो चोरीच्या गाडीचा निघाला तर तुमची गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात गंजत बसेल.

नुसत्या रिंगा टाकू का पूर्ण बोअर करू?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

नवीन रिंगा अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये टाकल्या तर थोडे दिवस गाडी छान वाटते आणि परत ऑइल खायला लागते. म्हणून बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजायचा. एमडीआयचा स्टँडर्ड बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६, जिप्सीच्या जी१३ चा ७४ आणि ७५.५. मोजून झालं की मॅन्युअलमधली झिजेची मर्यादा बघा, आत असेल तर होनिंग आणि रिंगा, बाहेर असेल तर बोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन, आणि बोअर आधीच मोठा होऊन संपला असेल तर स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) टाकून परत स्टँडर्ड.

क्रम महत्त्वाचा आहे. पिस्टन आधी विकत घ्यायचे, डब्यासकट मशीनवाल्याला द्यायचे, आणि त्याने प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्या त्या सिलिंडरला बोअर करायचा. "पॉइंट पन्नासचा (अर्धा मिमी मोठा) बोअर मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. क्रँकचंही तेच, टेन थाऊ (दहा सहस्रांश इंच) मारायचा का ट्वेंटी हे जर्नल मोजल्यावर ठरतं आणि त्याच साइजची बेअरिंग बाजारात मिळतेय याची आधी खात्री करायची, कारण जुन्या प्युजोला प्रत्येक साइज लगेच हातात येईलच असं नाही.

आता धुण्याबद्दल. होनिंग झाल्यावर बोअरच्या बारीक रेघांमध्ये दगडाची पूड अडकलेली असते आणि ती डिझेलने किंवा पेट्रोलने धुतली तर निघत नाही, उलट आत बसते. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि कडक ब्रश घेऊन घासायचं, धुवायचं, परत घासायचं. मग पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरमधून फिरवायचं. फडकं राखाडी झालं तर अजून पूड आहे, परत धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत हे चालू. आमच्या एका मित्राच्या जिप्सीचं इंजिन एका ठिकाणी सगळे नवे, सगळे कंपनीचे पार्ट टाकून बांधलं होतं आणि तरी लवकरच निळा धूर सुरू झाला, खोललं तर चारही बोअरवर उभे ओरखडे आणि बेअरिंगमध्ये करडी पूड रुतलेली. पार्ट एकही वाईट नव्हता. म्हणून ब्लॉक धुताना स्वतः उभे राहा, ऑइलच्या गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश फिरतोय का ते बघा, लाज बाळगू नका.

बसवताना टॉर्क रेंच हवाच. "हाताचा अंदाज आहे साहेब" हा अंदाज हेड बोल्टला आणि कनेक्टिंग रॉडला चालत नाही. बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टीगेजने (दाबली गेल्यावर फट किती ते दाखवणारी प्लास्टिकची तार) तपासायला फार वेळ लागत नाही, मिस्त्रीकडे नसेल तर तुम्ही घेऊन जा.

साध्या डिझेलला टर्बो बसवू का?

बसतो, पण नुसता टर्बो आणून लटकवला म्हणजे काम होत नाही. बिनटर्बोचं इंजिन बनवताना कॉम्प्रेशन, पिस्टनचं कूलिंग, हेड पॅकिंग, ऑइल पंप हे सगळं त्या हिशेबाने ठेवलेलं असतं. त्याच्यावर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) टाकला की आधी डोकं तापतं, मग पॅकिंग जातं, मग पिस्टन. शिवाय टर्बोला ऑइलची स्वतंत्र लाइन, परतीची लाइन उतारात, आणि डिझेल वाढवून पंप परत सेट करणं आलं.

ज्यांना एमडीआयमध्ये टर्बो हवाच आहे त्यांनी मुळात टर्बोचं एमडीआय जसं थार डीआयमध्ये यायचं तसं संपूर्ण, म्हणजे पिस्टन, मॅनिफोल्ड, पंप सगळ्यासकट शोधावं. जुन्या प्युजोला मात्र टर्बो लावायच्या भानगडीत पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, ते इंजिन शांतपणे काम करण्यासाठीच आहे आणि लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) ते ज्या सबुरीने चढतं ते बघण्यासारखं असतं.

पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तर?

काळा धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतं, ॲव्हरेज पडतं आणि पीयूसी होत नाही. ताकद हवी तर नोझल काढून बेंचवर प्रेशर आणि फवारा तपासा, पंप कॅलिब्रेट करा, टायमिंग मिळवा. थकलेल्या नोझलवर डिझेल वाढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सीआरडीई किंवा एमहॉक रीमॅप करू का?

जुन्या थार सीआरडीईला कंपनीचे १०५ पीएस आणि २४७ एनएम आहेत. रीमॅपने टॉर्क वाढतो हे खरं आहे आणि खालच्या आरपीएमला फरक जाणवतो. पण तो वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), ॲक्सल सगळ्यांनी सोसायचा असतो, तेही एक चाक दगडात अडकलेलं असताना. म्हणून करायचाच असेल तर माफक करा, आणि त्याआधी कूलिंग, क्लच, इंटरकूलरचे पाइप, इंजेक्टरची तब्येत नीट करून घ्या. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) आधीचा आणि नंतरचा ग्राफ दाखवत नसेल आणि मूळ फाइल जपून ठेवत नसेल अशा माणसाकडे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) देऊ नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, तो "उडवून" देण्याच्या ऑफर येतात. नको. बेकायदेशीर तर आहेच, वॉरंटीही जाते. डीपीएफ भरण्याचं कारण बहुतेक वेळा कमी अंतराची शहरातली चाल असते, आठवड्यातून एकदा सिन्नरच्या हायवेला एका लयीत गरम इंजिनाने चालवा, रीजनरेशन (साठलेली काजळी जळणं) पूर्ण होऊ द्या.

लो रेंजमध्ये चढ चढताना गरम होते. मोठा रेडिएटर टाकू का?

आधी आहे तो साफ करा. चिखल बाहेरून दिसत नाही, तो एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये जाऊन बसतो आणि वाळून वीट होतो. रेडिएटर उतरवून, इंजिनाच्या बाजूने पुढे असं पाणी मारायचं, म्हणजे जसा आत गेला तसाच बाहेर येतो. आणि आपल्याकडचे बागायतदार दोस्त यासाठी द्राक्षबागेचा एचटीपी पंप (फवारणीचा जास्त दाबाचा पंप) घेतात, त्याचं प्रेशर इतकं असतं की फिन एका झटक्यात आडव्या होतात आणि मग हवा जातच नाही. गन लांब धरा, पाणी फाकवून मारा, किंवा साधा नळ वापरा.

दुसरं, थर्मोस्टॅट. गाडी गरम झाली की "व्हॉल्व्ह काढून टाका" हा आपल्याकडचा सर्रास इलाज. काढू नका! थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, ऑइलमध्ये ओलावा राहतो, झीज वाढते, आणि काही इंजिनात तर बायपास उघडा राहून घाटात उलट जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट घ्या, घरी पातेल्यात पाणी गरम करून तो छापलेल्या तापमानाला उघडतोय का बघा आणि मगच बसवा.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. रेडिएटर कॅपचं रबर बघा. व्हिस्कस फॅन सकाळी थंड असताना हाताने फिरवला तर थोडा विरोध जाणवला पाहिजे, भिंगरीसारखा फिरला तर गेला. फॅनचं श्राउड (भोवतीचं कव्हर) तुटलेलं असेल तर ते आधी, कारण लो रेंजला गाडीचा वेग नसतो, हवा फक्त फॅनच आणतो. एवढं सगळं करून गरम होत असेल तरच जास्त रांगांचा कोअर किंवा ॲल्युमिनियम रेडिएटर. आणि तापमानाचा खरा आकडा दाखवणारं गेज लावा, सगळ्या अपग्रेडमध्ये पहिला क्रमांक मी त्याला देतो.

कोन फिल्टर (उघडा शंकूसारखा एअर फिल्टर) लावला तर ताकद वाढेल?

आवाज वाढेल. बॉनेटखालची गरम हवा आणि चांदवड-येवला बाजूची उन्हाळ्यातली पिठासारखी बारीक धूळ दोन्ही आत जाईल. कागदी फिल्टर, बंद डबा, आणि डब्यापासून टर्बो किंवा थ्रॉटलपर्यंतचा प्रत्येक क्लॅम्प घट्ट. डब्याच्या पुढचा पाइप आतून बोटाने पुसा, बोटाला धूळ लागली तर कुठेतरी गळती आहे. जुन्या जीपचा ऑइल बाथ फिल्टर मस्त काम करतो, फक्त ऑइल वेळेवर बदला आणि गाडी फार तिरकी होणार असेल तर लेव्हल वर भरू नका.

स्नॉर्कल (इंजिनाची हवा वरून घेणारा उंच पाइप) लावला म्हणजे नदीत घालता येते ना?

स्नॉर्कलचा प्रत्येक जोड हवाबंद असेल तरच तो स्नॉर्कल, नाहीतर नुसती शोभा. शिवाय खाली ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस यांचे ब्रीदर (हवा ये-जा करायची तोंडं) वर आणायला लागतात, नाहीतर गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की पाणी आत ओढतं. कार्बोरेटरवाल्या जिप्सीत डिस्ट्रिब्युटर ओला झाला की खेळ संपला. नव्या थारला कंपनीने ६५० मिमी खोली सांगितली आहे, ती थांबलेल्या पाण्याची समजा, वाहत्या पाण्याची नाही. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर मी उतरवत नाही.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर?

सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा, ओला असेल तर डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोलचे स्पार्क प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवा, पाणी उडून जाईल. ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय स्टार्ट नाही.

जिप्सीला एस्टीमचे पार्ट चालतात का?

बरेचसे चालतात, १२९८ सीसीचं जी१३ घराणं एकच आहे. पण आठ व्हॉल्व्ह कार्बोरेटर आणि २००० नंतरचं सोळा व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं) यांचं हेड, मॅनिफोल्ड, कॅम वेगळं, आणि जिप्सीत इंजिन उभं (गाडीच्या लांबीत) बसतं तर एस्टीममध्ये आडवं (रुंदीत), त्यामुळे ऑइल पॅन, पाण्याचे पाइप, ब्रॅकेट जुळत नाहीत. आतला माल जुळवा, बाहेरचा जिप्सीचाच शोधा. देवळाली कॅम्पला लष्कराच्या जिप्स्या बघत मोठी झालेली पोरं लिलावातली गाडी घ्यायला धावतात, ती घेतलीत तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि सगळे होज पहिल्याच दिवशी बदला, आधीचा इतिहास कोणी सांगू शकत नाही. आणि ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलसाठी जुने रबरी पेट्रोल पाइप, कार्बोरेटरची पॅकिंग काढून इथेनॉल सोसणारी टाका, जुनी फुगतात आणि भेगाळतात.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याच प्रकारचं इंजिन बदललं तरी नंबर बदलतो, तर काम करायच्या आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन परवानगी आणि नोंदीची पद्धत विचारा, बिल जपा, इन्शुरन्सवालाही कळवा. आरसी आणि ब्लॉक जुळत नसेल तर क्लेमच्या वेळी सगळं उघडं पडतं, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फिटनेसला तर पडतंच.

नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा कुठे न्यावं?

कसाऱ्याला किंवा सप्तशृंगीच्या घाटात नाही. पहिल्या स्टार्टच्या आधी डिझेल बंद ठेवून सेल्फने फिरवा, ऑइल प्रेशर आलं की मग चालू करा. आयडलवर तासभर घरघर ठेवायची जुनी पद्धत सोडा, रिंगा भारावरच बसतात. सिन्नर किंवा दिंडोरी रोडला रिकामी गाडी, मधला गिअर, वेग कमी-जास्त करत, फुल रेस नाही आणि ओढत ओढत टॉपलाही नाही. साधं मिनरल ऑइल टाका आणि पहिलं ऑइल व फिल्टर पाचशे किलोमीटरच्या आतच बदला, काढलेला फिल्टर कापून कागद उलगडा आणि उन्हात धरा. बारीक चमक थोडी दिसणारच, पण नखाला लागेल असा कण दिसला तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला तो कागद दाखवा. सगळं ठीक असेल तर टॅपेट परत सेट करा, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेड बोल्ट परत टॉर्क करा, होजचे क्लॅम्प एकदा आवळा, आणि पाणी-ऑइलची लेव्हल पुढचे काही आठवडे रोज सकाळी गाडी थंड असताना बघत राहा.